सूर्याला खेटून क्रीमचा गुरू

"सूर्यमालाच ना? त्यात काय एवढं! पाचमजली केक जिन्यावरून उतरवलेत मी, आठ ग्रहांचं काय कौतुक सांगतेस?"

बेकरीवाल्यांनी फोन ठेवला आणि ऐटीत मिशीवरून हात फिरवला. हात पिठाचे होते, त्यामुळे रुबाब राहिला बाजूला आणि मिशी पांढरी झाली!

फोन लेकीचा होता. ती नुकतीच वेधशाळेत लागली होती, तीही हंगामी. रविवारी वेधशाळेचं नवं दालन उघडणार, तिथं सूर्यमालेचा केक ठेवू या, असं संचालकबाई म्हणाल्या आणि लेक उत्साहाच्या भरात बोलून बसली, "माझे बाबा करतील!" तिला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे बाई त्याच आठवड्यात ठरवणार होत्या.

"सूर्याजवळचे चार ग्रह लहान आणि खडकाळ, ते बिस्किटाचे करा," तिनं पुन्हा पुन्हा बजावलं होतं. "लांबचे चार मोठे, वायूनं फुगलेले, ते क्रीमचे. मांडणी सांगितली तश्शीच ठेवा. आणि बाबा, हात जोडते, स्वतःचं डोकं चालवू नका!"

हे शेवटचं तिनं बोलायला नको होतं.

ग्रह मात्र झकास झाले. क्रीमच्या प्रत्येक ग्रहाच्या पोटात आधाराला बदामाचा टणक गोळा, गुरूला तांबूस पट्टे, शनीला चॉकलेटचं कडं! रविवारी बेकरीवाले बायकोला घेऊन दालनात पोचले. टेबलाच्या मधोमध सूर्य म्हणून एक भलामोठा दिवा बसवला होता. त्यांनी मांडणी केली, दोन पावलं मागं सरून पाहिली आणि त्यांचा जीव कासावीस झाला. दिव्यापाशी चार टिचभर बिस्किटं, आणि एवढा देखणा गुरू पार कोपऱ्यात!

"ही काय माल मांडायची रीत झाली? भारी माल मागं आणि चुरा पुढं?"

"अहो, पोरीनं सांगितलंय तसंच राहू द्या ना," बायको म्हणाली.

"तिला आकाशातलं कळतं. काचेच्या कपाटातलं मला कळतं!"

आणि त्यांनी गुरू-शनीसकट चारही क्रीमचे ग्रह दिव्याला खेटून बसवले. बिस्किटं कडेला गेली.

इतक्यात लेक आली आणि जागच्या जागी थिजली. "बाबा! हे उलटं आहे!"

"उलटं नाही गं, उठावदार आहे!"

तिनं गुरूला हात घातला, तोच संचालकबाई पाहुण्यांना घेऊन आत आल्या. बाईंनी मोठ्या थाटात सूर्य पेटवला आणि भाषण सुरू केलं. बाईंचं भाषण म्हणजे एकदा सुरू झालं की झालं!

थोड्याच वेळात गुरूला घाम फुटला. पट्टे एकमेकांत मिसळले. शनीचं कडं भिजलेल्या टोपीच्या काठासारखं लोंबायला लागलं. इकडे बेकरीवाल्यांच्याही कपाळावर घाम!

"दिवा बंद कर, दिवा!" ते बायकोच्या कानाशी फुसफुसले.

ती बिचारी भिंतीला घासत बटणांपाशी गेली आणि तिनं एक बटण दाबलं. झालं! सगळ्या दालनात अंधार, आणि चालू राहिला तेवढा सूर्य! आता केक सोडून बघायला दुसरं काही उरलंच नाही. "वा! काय कल्पना आहे!" म्हणत लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांच्या हादऱ्यानं म्हणा की आणखी कशानं, गुरू "धप्प" करून बसला आणि टेबलावरून थेट बाईंच्या बुटावर ओघळला.

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. बेकरीवाल्यांना वाटलं, गेली पोरीची नोकरी, आणि ती आपण घालवली! त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात लेक पुढं झाली. तिनं वितळलेल्या गुरूकडे बोट दाखवलं.

"हेच तर दाखवायचं होतं! ग्रह घडत होते तेव्हा सूर्याजवळ एवढी धग होती, की पाण्याचा बर्फ होईना आणि हलके वायू ठरेनात. घट्ट राहिले ते दगड आणि धातू, आणि तो माल मुळातच थोडा. म्हणून जवळचे ग्रह लहान आणि टणक! लांब थंडी होती. तिथं दगडाच्या जोडीला बर्फही मिळाला, तोही ढिगानं. गोळे इतके मोठे झाले, की भोवतालचा वायू त्यांनी अंगावर ओढून घेतला आणि ते फुगले. माझ्या बाबांनी मुद्दाम क्रीमचे ग्रह सूर्याशेजारी बसवले. बघा, काय उरलं? फक्त टणक गोळा!"

"मग ती लांबची बिस्किटं कशाला?" मागून कुणीतरी विचारलं.

"ती... खायला!" बेकरीवाले ओरडले.

दालन हशानं दणाणलं. बाईंनी बूट पुसत विचारलं, "खरंच मुद्दाम केलंत?"

"म्हणजे काय! पहिल्यापासून तेच ठरलं होतं!"

बायकोला जोरात खोकला आला.

लेक तिथल्या तिथं कायम झाली. बेकरीवाल्यांचा ऊर भरून आला. पोरीनं आपली लाज राखली, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बाईंची अट एकच होती. पुढच्या रविवारी गावोगावचे शिक्षक येणार आहेत, त्यांना हाच प्रयोग जसाच्या तसा दाखवायचा.

तो रविवार उजाडला. दालन खचाखच भरलेलं. लेकीनं सूर्य पेटवला आणि ती ऐटीत म्हणाली, "आता नीट लक्ष द्या हं, गुरू वितळेल!"

गुरू ढिम्म! पुढच्या रांगेतल्या शिक्षकांनी उकाड्यानं कोट काढले, बाई कागदानं वारा घ्यायला लागल्या. शनीचं कडंसुद्धा ताठ!

"बाबा," लेक दात-ओठ खात पुटपुटली, "काय केलंत तुम्ही?"

"अगं, गल्लीभर बोभाटा झाला ना, ह्यांचं क्रीम साध्या दिव्यापुढंही टिकत नाही म्हणून!" बेकरीवाले मान खाली घालून म्हणाले. "या खेपेला असं घट्ट केलंय, की खरा सूर्य आणलास तरी हलायचं नाही!"