डावा खांदा

ऑर्व्हिल हॅस्किटच्या घरी राहायला आलेला पाहुणा त्याच्याच मालकीचा निघाला, तेव्हा ऑर्व्हिल मक्याचं कणीस खात होता. ते तोंडातच राहिलं.

"हा यॉर्व्हिस," डार्लीन म्हणाली. "आपल्या गावच्या बेसबॉल टीमचा नवा पिचर, चेंडू टाकणारा. पार व्हेनेझुएलाहून आलाय. सीझन संपेपर्यंत आपल्याकडे राहील."

गावातल्या बायका टीमची पोरं अशी घरी ठेवून घेत. यंदा डार्लीनची पाळी होती. पाहुणा हात धुवायला गेल्यावर ऑर्व्हिल कुजबुजला, "अगं, हा माझा आहे! मार्चमध्ये मीच घेतलाय याला! सांगू त्याला?"

"काय सांगशील? मी तुझा मालक म्हणून? जेवणाच्या टेबलावर? खबरदार!"

मालकी अर्थात खेळातली होती. टायरचं दुकान चालवणारा ऑर्व्हिल आणि त्याचे सहा मित्र वर्षानुवर्षं एक लीग चालवत. खऱ्या खेळाडूंच्या मनातल्या मनात टीमा करायच्या. घाम त्यांनी गाळायचा, गुण यांनी मोजायचे. शिवाय प्रत्येकाला, गावची टीम खेळे त्या खालच्या लीगमधला एक कच्चा खेळाडू अढीतल्या आंब्यासारखा राखून ठेवता येई. कधीतरी तो पिकून मोठ्या लीगमध्ये गेला, की मालकाचं नशीब उघडलं. शेवटच्या नंबराचा माणूस मात्र ऑक्टोबरच्या जत्रेत, कणसाचा पोशाख घालून, पाण्याच्या टाकीवरच्या फळीवर बसे. बाजूच्या तांबड्या चकतीवर कुणाचा चेंडू बसला, की फळी निसटे. आयोवातला ऑक्टोबर पोहण्यासाठी प्रसिद्ध नाही. ऑर्व्हिल लागोपाठ दोन वर्षं बुडाला होता. पाणी आता त्याला नावानिशी ओळखत असावं.

यंदा बुडायचं नाही, असं त्यानं ठरवलं आणि अढीतल्या आंब्याची काळजी घ्यायला लागला. यॉर्व्हिस डावखुरा होता.

"पोरा, घरात डाव्या हातानं काही करायचं नाही. दार उघडायचं नाही, पाव कापायचा नाही, कुत्र्याला थोपटायचं नाही."

"बरं, मिस्टर ऑर्व्हिल."

"डास मारायचा असला तर?"

"उजव्या हातानं."

"मला हाक मार. मी मारीन."

डार्लीनला नवऱ्याचा उमाळा पाहून भरून आलं. स्वतःच्या दोन मुलींच्या वाढदिवसांची आठवण तिला त्याला करून द्यावी लागे.

जुलैत घात झाला. यॉर्व्हिसनं लोणच्याची बरणी गुडघ्यांत धरली आणि उजव्या हातानं, दात-ओठ खात, झाकण फिरवायला लागला. डावा हात मांडीवर निपचित पडला होता. ऑर्व्हिलनं दारातूनच पाहिलं. कोपर गेलं! पोरगा लपवतोय!

ही बातमी जगात फक्त त्याला ठाऊक होती. तो तडक मर्लच्या सलूनमध्ये गेला. मर्ल गावचा न्हावी आणि लीगमधला पहिल्या नंबरचा.

"यॉर्व्हिस हवाय ना तुला? घे. तुझा तो होमरनवाला दे, चेंडू मैदानाबाहेर मारणारा."

मर्लचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थबकला. "तुझ्या घरातलं पोरगं देतोस? बरा आहेस ना?"

"मन मोठं आहे माझं."

शनिवारी यॉर्व्हिसनं समोरच्या टीमला अशी काही धूळ चारली, की त्यांच्या कोचनं टोपी चावली. घरी येताना ऑर्व्हिलनं हळूच विचारलं, "कोपर कसंय रे?"

"मस्त. का?"

"मग ती बरणी? उजव्या हातानं?"

"तुम्हीच म्हणालात ना, मिस्टर ऑर्व्हिल?"

त्याच संध्याकाळी मर्ल बर्फाची पिशवी घेऊन हजर झाला. "माझ्या पोराच्या खांद्याला," तो म्हणाला आणि न विचारता ऑर्व्हिलच्या खुर्चीत बसला.

"तुझं पोर?" डार्लीननं चमचा खाली ठेवला. सगळी हकीगत बाहेर आली. यॉर्व्हिस ताटात बघत म्हणाला, "मला देऊन टाकलंत?"

टीमकडून कधीतरी हे वाक्य ऐकावं लागेल, या भीतीत तो खालच्या लीगमध्ये रोज जगत होता. निदान ते या स्वयंपाकघरात ऐकावं लागेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

"ऑर्व्हिल," डार्लीन म्हणाली, "ऊठ, आणि पोरगं परत आण."

"तो इथंच बसलाय!"

"तरी आण!"

मर्लनं होमरनवाला परत मागितला, वर आणखी दोन धडाकेबाज गडी. "आणि टाकी तुझी वाट बघेल, गड्या," त्यानं आठवण करून दिली. ऑर्व्हिलनं टाकीचा विचार केला. मग यॉर्व्हिसकडे पाहिलं. "घे," तो म्हणाला.

ऑर्व्हिल शेवटचा आला. नुसता शेवटचा नाही. सहाव्या नंबरालाही तो दिसत नव्हता.

ऑक्टोबरात तो फळीवर बसला, डोक्यावर कणसाची शेंडी. घरी परतण्याआधी यॉर्व्हिस खास जत्रेसाठी थांबला होता, आणि मर्लनं पहिला चेंडू त्याच्याच हातात दिला. गाव टाळ्या पिटायला लागलं. यॉर्व्हिसनं डावा हात मागे नेला.

"डावा नको!" ऑर्व्हिल फळीवरून ओरडला. "दमलाय तो सीझनभर! उजव्यानं टाक!"

"भारी चलाख आहेस!" मर्ल खेकसला.

यॉर्व्हिसनं चेंडू मुकाट उजव्या हातात घेतला. टाकला. चकतीच्या बरोब्बर मधोमध.

ऑर्व्हिल वर आला तेव्हा नाकावर पोशाखाचं कागदी पान चिकटलं होतं आणि दात वाजत होते. "मर्ल! पाहिलंस? उजव्यानंसुद्धा! आता काहीही दे, मी देणार नाही!"

डार्लीननं टॉवेल पुढे केला. ऑर्व्हिलनं तो घेतला आणि, गार वारा सुटला होता म्हणून, यॉर्व्हिसच्या खांद्यावर टाकला. डाव्या.