रोडगे कोणी जाळले?

वामनरावांच्या हातून आयुष्यात एकही चूक झाली नव्हती. गाडी पंक्चर झाली तर रस्ता वाईट, आणि स्वतः टाकलेलं मीठ जास्त झालं तर चमचा मोठा. अशा माणसाने बीबी गावाजवळच्या आपल्या मळ्यात मारोतीच्या नवसाचे रोडगे घातले आणि विस्तवापाशी कोणी फिरकायचं नाही, असं सगळ्यांना बजावलं. निखाऱ्यात पुरलेले कणकेचे गोळे वेळेवर उलटायचे, एवढंच काय ते काम.

पंगतीला देऊळगाव राजाहून शालिग्राम आणि आशाबाई आले होते, मुलगा हरिओमला घेऊन. वामनरावांच्या लेकीने, पूनमने, आपणहून होकार दिलेला हा पहिलाच मुलगा. जेवणं झाली की साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख ठरणार होती. पूनम पलीकडे भाजीची वांगी चिरत होती आणि खरं सांगायचं तर हरिओमकडे बघण्याच्या नादात चांगली टाकून किडकी ठेवत होती.

वामनराव निंबाखाली जरा टेकले. जाग आली तेव्हा रोडग्यांचा कोळसा झाला होता.

"गोवऱ्याच लय कडक हायेत," जमलेल्यांना त्यांनी सांगितलं. गोवऱ्या शालिग्रामांनी हौसेने आपल्या गोठ्यातून टेम्पोत घालून आणल्या होत्या. त्यांचा चेहरा पाहून वामनरावांनी घाईघाईने खापर कणकेवर फोडलं. कणीक आशाबाईंनी मळली होती. मग जागाच वाऱ्याची निघाली, ती हरिओमने दाखवलेली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

शालिग्रामांनी गाडीची किल्ली काढली, तशी पूनम पुढे आली.

"माही चूक झाली काकाजी. बाबा मले लक्ष ठेव म्हणले होते. मीच विसरली."

हे धडधडीत खोटं होतं. वामनरावांनी मान डोलावली. सुटायची संधी त्यांनी कधी वाया घालवली नव्हती.

आशाबाईंना पोरगी मनापासून आवडली होती, म्हणून त्यांना जास्तच लागलं. "देवाचा निवद जाळला माय तू," एवढंच बोलून त्या गाडीत जाऊन बसल्या. हरिओम आईच्या मागे गेला. त्याने वळून पाहिलं, पण पाहण्यापलीकडे काही केलं नाही.

पूनमचा चेहरा पाहून वामनरावांना जन्मात पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. ते गाडीमागे धावले.

"पाव्हणे, थांबा. पोरीची काही चूक नाही. मी झोपलो होतो. रोडगे म्याच जाळले."

शालिग्रामांनी काच खाली केली. त्यांचे डोळे भरून आले होते. "मानलं तुमाले, वामनराव. लेकीची चूक आपल्या अंगावर घेऊन राह्यले. बाप असावा त असा."

आणि गाडी गेली.

वामनराव परतले तेव्हा पूनम राखेतून त्यातल्या त्यात बरे रोडगे निवडत होती.

"मी खरं सांगतलं वं," ते म्हणाले.

"ऐकलं मी." तिने एक रोडगा फोडून त्यांच्यापुढे धरला. "खा आता."

बाहेरून कोळसा, आतून कच्चा. वर मीठही कमी. कणीक कोणी मळली होती, हे वामनरावांनी काढलं नाही. ते खात राहिले.