डाव्या बाजूचा दरवाजा

सुलतानपुरात भाऊसाहेब भेटले की नमस्काराच्या आधी विचारत, "मास्तर, कान साफ हायेत ना?"

हो म्हटलं की सुटका नसे. आपल्या काळ्या मोटारीत मागं बसवून ते माणसाला थेट गावाबाहेर नेत आणि मागच्या आसातून येणारा आवाज ऐकायला लावत. खडी लागली की खुळखुळ, वळणावर टकटक. "आला? आता आला? मांगूनच येते ना?"

गावातला एकही कान त्यांनी सोडला नव्हता. एकदा कीर्तनकार बुवांना धरलं. बुवांनी डोळे मिटून ऐकलं आणि हा काळी चारचा सूर आहे, असं सांगितलं. भाऊसाहेबांनी ते जसंच्या तसं मेहकरच्या मिस्त्रीला कळवलं. मिस्त्रीनं मागचा आस दोनदा उघडून पाहिला होता. तो वैतागून म्हणाला, "आस ठणठणीत हाय, भाऊसाहेब. तुमच्याच डोक्यात काही खुळखुळत असन."

तरी त्यांचा शोध थांबला नाही. अंगणात मागची चाकं अधांतरी करायची, गड्यानं एक चाक हातानं फिरवायचं आणि भाऊसाहेबांनी काठीचं एक टोक आसाला नि दुसरं कानाला लावून जमिनीवर आडवं व्हायचं, हा त्यांचा सकाळचा कार्यक्रम. गडी काही बोलायला गेला की हात वर होई. "थांब बे. बोलू दे तिले."

ही मोटार त्यांनी बदली होऊन चाललेल्या एका अधिकाऱ्याकडून घेतली होती. काकू होत्या तोवर ते दोघं तिच्यातून शेगावला जात. वडीलधाऱ्यांच्या समोरून नवऱ्याशेजारी बसून जायचं कसं, म्हणून काकू मागं, डाव्या अंगाला बसत. शेगावात लोक भाऊसाहेबांनाच ड्रायव्हर समजत. एकानं तर विचारलं होतं, "बाईसाहेबांना कुठं उतरवणार?" हे सांगताना ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. गाडी हलवण्याआधी ते मागं न बघता विचारत, "बसली ना?" काकूंचं "हाव" आलं की मगच गिअर पडे.

काकू गेल्या, त्याच हिवाळ्यात आवाज सुरू झाला.

अकोल्याला नोकरीवर असलेल्या विनायकनं, त्यांच्या मुलानं, शेवटी बजावलं, "दादा, दिवाळीला येईन तेव्हा आवाज असला तर गाडी विकून टाकू. एखाद्या दिवशी आस मोडून रस्त्यात पडाल." त्या दिवसापासून भाऊसाहेब माझ्याकडे रोज येऊ लागले.

दिवाळी तोंडावर आली होती. आम्ही बीबीच्या रस्त्याला होतो. मी नेहमीसारखा त्यांच्या मागं, उजवीकडे. डावा दरवाजा बिघडलेला, सगळ्यांनी उजवीकडूनच चढायचं, असा त्या गाडीचा नियम होता. वाटेत एका म्हातारीनं हात केला. तिला बीबीच्या बाजारात वांगी न्यायची होती. भाऊसाहेबांनी तिलाही उजवीकडूनच घेतलं. ती टोपलीसकट आत घुसली आणि मला कोपरानं ढोसत म्हणाली, "सरक ना बापा तिकडं!"

मी डावीकडे सरकलो. गाडी निघाली. थोडं अंतर गेल्यावर भाऊसाहेबांनी करकचून ब्रेक लावला.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"आवाज गेला."

त्यांनी वळून पाहिलं. मी कुठं बसलोय हे पाहून त्यांचा चेहरा उतरला. "तुम्ही तिकडं काऊन बसले?"

"म्यां ढकललं," म्हातारी म्हणाली. "मंग का डोक्यावर बसू त्याच्या?"

भाऊसाहेब उतरून डाव्या बाजूला आले. तो बिघडलेला दरवाजा त्यांनी एका बोटानं उघडला. त्या खडखडणाऱ्या गाडीत तेवढ्याच दरवाजाच्या बिजागऱ्यांना तेल होतं. आम्ही सीट उचललं. खालची फळी एका बाजूनं सुटली होती आणि हादऱ्यागणिक आसावरच्या पत्र्यावर आपटत होती. वर माणूस बसला की दबून गप्प राहत होती. इतकी वर्षं ती दबलेलीच होती.

भाऊसाहेब फळीवर हात ठेवून तसेच उभे राहिले. मग त्यांनी मोठा श्वास सोडला. "आस धड हाय म्हणजे. येऊ दे आता विनायकले."

म्हातारीनं टोपलीची सुतळी सोडून पुढं केली. "हे घ्या. बांधून टाका अन् चला. बाजार उठन माझा."

त्यांनी सुतळी हातात घेतली, बोटाभोवती गुंडाळली, पुन्हा उलगडली आणि तिला परत दिली.

"राहू द्या माय. मास्तर, तुम्हीच बसत जा तिथं."

भाऊसाहेबांना जाऊन आता वर्ष होईल. गाडी विनायकनं विकली नाही. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की अजून तो बीबीचा रस्ताच आठवतो. सीट जागेवर बसवून मी डाव्या दरवाजानं आत चढलो. म्हातारीनं टोपली मांडीवर घेतली. भाऊसाहेबांनी इंजिन सुरू केलं, पण गाडी हलवली नाही. समोर रस्त्याकडे बघत त्यांनी विचारलं, "बसले ना?"

आमच्या घरी तसं कुणी बोलत नाही. तरी मी म्हणालो, "हाव."

मग गिअर पडला.