बेपत्ते साहेबांचे दात

दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी मोबाइलवर संदेश आला, 'आपलं पार्सल पोचलं आहे.' नुकतेच अंघोळीहून आलेल्या साहेबांनी तो चष्मा लावून वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि गंभीरपणे मान हलवली. पार्सल हरवलं, याबद्दल आता त्यांच्या मनात शंका उरली नाही.

हा स्वभाव नोकरीने दिलेला. टपाल खात्यात बत्तीस वर्षं ते एकाच टेबलावर बसले, आणि ते टेबल होतं मालक न सापडलेल्या पत्रांचं. वेळेवर पोचलेलं पत्र त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलं नाही, कारण ती पत्रं आपली परस्पर पोचायची. त्यामुळे जगात काहीही कुठेही पोचत नाही, हे त्यांचं ठाम मत. कचेरीत त्यांना 'बेपत्ते साहेब' म्हणत आणि साहेबांना त्याचा अभिमान होता.

आजच्या पार्सलमध्ये साहेबांचे दात होते. वरचे आणि खालचे.

जुनी कवळी महिन्यापूर्वी फुटली, तीही नको त्या वेळी. मुलीने पसंत केलेल्या मुलाचे आईवडील पहिल्यांदाच घरी आले होते. साहेबांनी त्यांना "या, बसा" म्हटलं आणि पुढे पावणेदोन तास, लोकांना पाकिटावर धड पत्ता लिहिता येत नाही, या विषयावर बोलले. मुलाचे वडील घड्याळजी. ते सारखे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते, ते धंद्याच्या सवयीने, असा साहेबांचा समज झाला. अखेर "पत्ता!" असं ठासून म्हणताना कवळी सुटली, फरशीवर आपटली आणि तिचे दोन तुकडे झाले. "कळवतो," म्हणून पाहुणे उठले आणि त्यांनी काही म्हणता काही कळवलं नाही. मुलानेच हट्ट धरला म्हणून आज पाच वाजता ते पुन्हा येणार होते. आज बिनसलं तर पोरीचं लग्न मोडल्यातच जमा होतं. साहेबांच्या मनाला ते खात होतं. म्हणून त्यांनी माफीचं छोटंसं भाषण लिहून काढलं होतं. पाठपोट चार पानं.

"पाफल आयं?" साहेबांनी विचारलं.

त्यांची ही नवी भाषा घरात फक्त सौभाग्यवतींना कळे. "पार्सल? नाही बाई," उशीला अभ्रा चढवत त्या म्हणाल्या. "आणि नाही आलं तर नाही आलं. एक दिवस गप्प बसलात म्हणून काही आभाळ कोसळत नाही."

साहेबांनी कुरिअर कंपनीला फोन लावला. तिकडून यंत्र बोललं, "आपली तक्रार थोडक्यात सांगा." साहेबांनी जन्मात कुठलीही तक्रार थोडक्यात सांगितली नव्हती. तरी प्रयत्न केला. "आपलं म्हणणं समजलं नाही. कृपया स्पष्ट बोला." असं तीनदा झालं. चौथ्यांदा यंत्रच कंटाळलं आणि आभार मानून त्याने फोन ठेवला.

मग साहेब वही, पेन आणि कार्बन पेपर घेऊन थेट कुरिअरच्या गोदामात गेले. खोक्यांच्या ढिगाऱ्यात एक व्यवस्थापक बाई बसल्या होत्या. साहेबांनी उभ्याउभ्या तीन प्रतींत तक्रार लिहून पुढे सरकवली. 'पार्सल बेपत्ता. वाटप करणाऱ्याने खोटी नोंद केली आहे.'

"काका, पोचल्याचं दिसतंय इथे," बाई म्हणाल्या. "घरच्यांना विचारलंत का?"

साहेबांनी लिहिलं, 'बत्तीस वर्षांचा अनुभव आहे.'

"बरं. आमचा माणूस देताना फोटो काढतो, पण तो त्याच्याच मोबाइलवर असतो. फेरी संपली की त्याला तुमच्याकडे पाठवते. खोटं निघालं ना, तर उद्यापासून घरी बसवते त्याला."

'योग्य,' साहेबांनी लिहिलं आणि खाली तारखेसह सही केली.

पाचच्या ठोक्याला पाहुणे आले. साहेबांनी हात जोडले आणि मूग गिळून बसले; त्याला दात लागत नाहीत. पाच मिनिटं सगळे चहाकडे बघत राहिले. शेवटी ती शांतता सहन न होऊन घड्याळजींनी आपल्या मूतखड्याचा विषय काढला. खडा, त्याचा आकार, डॉक्टर, दुसरा डॉक्टर, असं करत गाडी जी सुटली ती तासभर थांबली नाही. साहेब फक्त माना डोलवत होते. पोटातली चार पानं वर येत होती आणि हिरड्यांशी अडत होती.

"काय सांगू," घड्याळजी साहेबांचा हात धरून म्हणाले. "इतकं मन लावून माझ्या घरचेसुद्धा ऐकत नाहीत हो!"

"खरंय," त्यांच्या पत्नी म्हणाल्या.

इतक्यात बेल वाजली. दारात कुरिअरवाला होता. पन्नाशीचा, मिशा पिकलेल्या, घामाघूम.

"काका, अठरा वर्षांत माझ्यावर एक डाग नाही," तो तिथूनच म्हणाला. "तुमच्या तक्रारीने नोकरी जायची पाळी आलीय. हा बघा फोटो!"

साहेबांनी बघितला. दार त्यांचंच. पाटी त्यांचीच. आणि दारात खुद्द सौभाग्यवती, एका हातात खोका आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर.

साहेबांनी मान वळवली. सौभाग्यवती भरलेल्या कपात मन लावून चहा ओतत होत्या. साहेबांना दातओठ खायचे होते, पण निम्मं साहित्य नेमकं त्याच खोक्यात होतं. घरात पाहुणे, दारात हा बापडा, आणि मुलगी त्यांच्याकडे बघत उभी. साहेबांनी वही उघडली. बत्तीस वर्षांत कधी न लिहिलेलं वाक्य लिहायला पेन जरा अडखळलं. 'पार्सल वेळेवर पोचलं. चूक माझी.'

कुरिअरवाला वहीतून फाडून दिलेल्या पानाची घडी खिशात जपून ठेवून गेला. घड्याळजींनी तो मजकूर साहेबांच्या खांद्यावरून वाचला होता.

"बघितलंस?" ते पत्नीला म्हणाले. "चूक कबूल करायला एक मिनिट लागलं नाही माणसाला. सोयरीक पक्की! पुढच्या महिन्याची वीस तारीख कशी वाटते?"

पाहुणे गेल्यावर सौभाग्यवतींनी गाद्यांच्या घडीतून खोका काढला आणि टेबलावर ठेवला. "बोला आता, काय बोलायचं ते," त्या पदर सावरून म्हणाल्या. मुलगीही हळूच शेजारी येऊन बसली.

साहेबांनी कवळी बसवली. जबडा दोनदा हलवून बघितला. घसा खाकरला.

"छान बसलेत," ते स्वच्छ आवाजात म्हणाले. मग त्यांनी मुलीच्या चेहऱ्याकडे बघितलं. महिनाभर ती अशी हसली नव्हती. "लग्न वीसलाच ना?"

"हो, बाबा."

साहेबांनी कवळी काढली, खोक्यात ठेवली, झाकण चिकटवलं आणि पेन उघडून कचेरीच्या वळणदार अक्षरात वर लिहिलं, 'एकवीस तारखेपूर्वी मालकाच्या ताब्यात देऊ नये.'