हातधारकाचं संमतीपत्र

पत्नी गेल्याला दोन वर्षं तीन महिने झाले, तेव्हा मला जोडीदाराची आवश्यकता असल्याचा निर्णय माझ्या मुलीने घेतला. कारण असं, की ती न सांगता दुकानात आली तेव्हा मी शिलाई मशीनला "दमलीस का गं?" असं विचारत होतो.

तिने माझ्या मोबाइलवर जोडीदार शोधायचं ॲप घातलं आणि माहिती भरायला बसली. 'स्वतःबद्दल सांगा' असा रकाना होता. मी शिंपी आहे. मी सांगितलं, "छाती अडतीस, कंबर छत्तीस, खांदा साडेसतरा."

"बाबा, मापं नकोत. आवडी सांगा."

"सुती कापड."

तिने 'प्रवास, संगीत, सूर्यास्त' असं लिहिलं. सूर्यास्ताला मी दुकानात असतो आणि दुकानाचं तोंड पूर्वेला आहे, हे मी तिच्या निदर्शनास आणून दिलं. सगळे हेच लिहितात, असं उत्तर मिळालं.

मग फोटो. मी हसतोय असा एकच फोटो आहे, दुकानाला नवी पाटी लावली त्या दिवशीचा. शेजारी ही, माझ्या खांद्यावर हात ठेवून. ही काजं-बटणं करायची. बोटात सुई टोचू नये म्हणून घालायचं अंगुस्तान होतं, फोटोपुरतंही काढलं नव्हतं. नव्या माणसाला जुनं माणूस दाखवू नये, असं मुलीचं मत पडलं. कापायचं काम माझ्याकडे आलं, कारण चाळीस वर्षं मी तेच करतो. हिला कापलं. खांद्यावर चार बोटं तेवढी राहिली. ती कापायची तर माझा खांदा जातो, आणि खांदा बिघडला की सगळा कपडा गेला.

अकराव्या दिवशी ॲपच्या कार्यालयाकडून कळवण्यात आलं: 'आपल्या छायाचित्रात अर्जदाराव्यतिरिक्त एक हात आढळला आहे. हातधारकाचं संमतीपत्र जोडावं.'

हातधारक हयात नाही, असं मी कळवलं. 'तसा दाखला जोडावा.' जोडला.

दोन दिवसांनी उत्तर आलं: 'आपल्या निधनाचं वृत्त समजून अतीव दुःख झालं. आपलं प्रोफाइल स्मृतिपानात रूपांतरित करण्यात आलं आहे.'

मी मदत केंद्राला फोन लावला. एक मुलगी बोलली. "काका, सिस्टिममध्ये तुम्ही वारलेले दिसताय."

"अगं, दाखल्यावर नाव बाईचं आहे."

"हो, पण खातं तुमचं आहे ना? खात्यात आलेला दाखला खातेदाराचाच धरतात."

"मी बोलतोय की तुझ्याशी."

"आवाज येतोय, काका. पण आवाज पुरावा म्हणून चालत नाही. तुम्ही असं करा, फोटोतला तो हात पुसून टाका. खाली बटण आहे. हात गेला की दाखल्याचं कारणच उरत नाही. तुम्ही लगेच जिवंत होता."

दरम्यान स्मृतिपानाला लोकांनी मोबाइलवरचे ते लाल बदाम द्यायला सुरुवात केली होती. जिवंतपणी माझं प्रोफाइल तीनदा पाहिलं गेलं होतं. दोनदा मी, एकदा मुलीने. वारल्यावर चार दिवसांत चारशे बारा बदाम. 'असा जोडीदार मिळायला भाग्य लागतं,' असं एकीने लिहिलं. आमच्याच इमारतीतल्या, दोन वर्षांत एकदाही दार न वाजवलेल्या खालच्या गृहस्थांनी लिहिलं, 'नुसती हाक मारली असती तरी धावत आलो असतो.'

संध्याकाळी मुलगी दुकानात आली. मोबाइल घेतला, बटणावर बोट नेलं. "बाबा, पुसू?"

मी फोटो मोठा करून पाहिला. अंगुस्तान स्पष्ट दिसत होतं.

"राहू दे."

"मग तुम्ही मेलेलेच राहाल."

"आधी तरी कोण विचारत होतं?"

ती हिच्याच स्टुलावर बसली. मग, लोकांना एवढं वाईट वाटतंय तर भेटायला तरी येतील, म्हणून तिने स्मृतिपानावर दुकानाचा पत्ता आणि वेळ टाकली. दहा ते सात. शेवटी एक ओळ माझ्या सांगण्यावरून: चहा मिळेल.

बदाम आता नऊशेच्या पुढे गेले आहेत. तुमचाही पोचला. स्टूल रिकामं आहे.