विमेवाले वामनराव

लग्नाच्या पंगतीत वामनराव शेजारी बसले, की भातावर वरण पडायच्या आत त्यांचा प्रश्न येई, "तुमचे आजोबा कशानं गेले?"

विचारताना चेहऱ्यावर इतकं अगत्य असे, की माणूस वरणभात कालवता कालवता सांगून टाकी. मग आजीची पाळी. मग थोरल्या काकांची. जिलबी येईपर्यंत अख्खं घराणं वर पोचलेलं असे. एकदा तर त्यांनी वधूपित्यालाच मांडवात गाठलं आणि चारचौघांत विचारलं, "दमा तुमच्याकडे वडिलांकडून आला की आईकडून?" तो गृहस्थ बिचारा वरपक्षाकडे बघत नुसताच हसला, आणि त्या हसण्यातच त्याला धाप लागली.

वामनराव विम्याचे एजंट. सोलापुरात आमच्या घराला लागून दोन खोल्यांच्या घरात ते एकटेच राहायला आले होते. काळा कोट, काळी टोपी, आणि कोटाच्या खिशात शिंप्याची फीत. पन्नाशी ओलांडलेला हा माणूस निरोगी माणसाकडे माळ्यानं फळभारानं वाकलेल्या झाडाकडे बघावं तसा बघे. रस्त्यानं एखादा भरदार छातीचा गडी गेला, की माझा दंड धरून म्हणत, "बघ, बघ, पिंजरा कसा आहे! असा माणूस विम्याविना हिंडतोय!"

पण खोटं त्यांना खपत नसे. बाकीचे एजंट गिऱ्हाइकाला हळूच सांगत, खोकल्याचं लिहू नका, वय दोन वर्षं कमी सांगा. वामनराव अर्ज समोर ठेवून बजावत, "खरं सांगा. तुम्ही गेल्यावर बायकोमुलांना पैसे मिळायचे आहेत. तेव्हा कंपनीनं हे खोटं काढलं, तर उत्तर द्यायला तुम्ही याल का?"

आमच्या गल्लीतल्या इस्माईलभाई टांगेवाल्याला वयाचा दाखला नव्हता. त्याच्या मते तो पंचेचाळीस वर्षांचा होता. पुरावा काय? "अम्मा बोलती थी, तलाव सूख्या था, तब मैं पैदा हुवा." दुसऱ्या कुणी मान डोलावून आकडा लिहिला असता. वामनराव तीन दिवस तळ्याकाठच्या म्हाताऱ्यांना विचारत फिरले. तळं नेमकं कुठल्या साली आटलं यावरून दोन म्हाताऱ्यांचं भांडण लावून दिलं, आणि शेवटी एका जुन्या गवंड्याच्या वहीत ते साल सापडलं. इस्माईलभाई त्रेचाळीसचा निघाला. "दो साल वापस मिल्या!" म्हणत त्यानं गल्लीभर बत्तासे वाटले.

माझी गाठ त्यांच्या अर्जाशी पडली ती लग्नापायी. मी तेव्हा मिलच्या ऑफिसात कारकून होतो. वडील लहानपणीच गेलेले. घरात आई आणि मी. बार्शीच्या एका स्थळाचं जमत आलं होतं आणि मुलीच्या वडिलांची एकच अट होती, मुलाचा विमा हवा. वामनराव फुलले. अर्ज, दौत, टाक घेऊन त्याच संध्याकाळी आमच्या ओट्यावर हजर.

"देवी काढल्यात का? दारू? तंबाखू? गेल्या पाच वर्षांत आजारपण?" सगळं पार पडलं. मग आलं, "वडील कशानं गेले?"

"तापानं," मी म्हणालो.

वामनरावांनी टाक खाली ठेवला. "विष्णू, ताप हे कारण नव्हे. ताप नुसता निरोप घेऊन येतो. कारण सांग."

मला खरंच ठाऊक नव्हतं. घरात तसं कधी बोलणंच निघालं नव्हतं. दाराआड आई उभी होती. मग आतूनच ती म्हणाली, "खोकत होते. वर्षभर. शेवटी रक्त पडायचं."

तेवीस वर्षांचा झालो तरी ही गोष्ट तिनं पोटात ठेवली होती. क्षयाचं घर म्हटल्यावर मला मुलगी कोण देणार, ही तिची भीती. वामनरावांनी तिच्याकडे न बघता ते शब्द लिहून घेतले. लिहून झाल्यावर इतकंच म्हणाले, "वहिनी, फार बरं केलंत."

डॉक्टरांच्या तपासणीला ते स्वतः मला घेऊन गेले. वाटेत शिकवणी चालूच. काट्यावर उभं राहताना खिशातल्या किल्ल्या काढ. लघवीची बाटली पुढे करताना लाजू नकोस, डॉक्टरांनी त्या पुष्कळ पाहिल्यात. छाती मोजताना उगाच फुगवू नकोस, फुगवलेली ओळखू येते. मी सगळं केलं. डॉक्टरांनी पाठीला नळी लावली, मोठा श्वास घ्यायला सांगितला, आणि उजव्या खांद्याखाली येऊन थांबले. परत तिथंच ऐकलं.

"संध्याकाळी कणकण वाटते?"

वाटत होती. मी ती मिलच्या उकाड्यावर घालत होतो.

रोग नुकताच शिरला होता. "आणखी सहा महिने गेले असते तर माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नसतं," डॉक्टर म्हणाले. विश्रांती, कोरडी हवा, दूध, अंडी, हाच तेव्हा उपाय. अर्ज नामंजूर झाला. बार्शीचं पत्र आठवड्यात आलं, त्यात फक्त दोन ओळी होत्या. मित्र ओट्यावर यायचे थांबले.

वामनराव मात्र आले. माझ्या अगदी शेजारी बसले आणि म्हणाले, "केमला माझा मळा आहे. तिथं जायचं. आगगाडीची वेळ मी बघून आलोय."

केमच्या मळ्यात तीन बाजूंनी मोकळी एक खोली होती, आत एक खाट. मळ्याची राखण करणाऱ्या तानूबाईच्या शेळ्या होत्या. ती सकाळ-संध्याकाळ तांब्या घेऊन उभी राही. "दूद प्या की. आईतवारी वामनराव येनार हायती. वजन न्हाय वाढलं तर मलाच बोलत्यात."

रविवारी वामनराव खरंच येत. सोलापूरहून अंड्यांची टोपली मांडीवर धरून. आल्या आल्या मला स्टेशनावर नेत आणि मालाच्या काट्यावर, केमहून गावोगाव जाणाऱ्या कुंकवाच्या पोत्यांशेजारी उभं करत. स्टेशनमास्तर विचारी, "हा माल कुठं पाठवायचा?" वामनराव गंभीरपणे म्हणत, "सोलापूर. पण अजून भरायचा आहे." मग माझी छाती मोजत. पाव इंच वाढली की स्टेशनातल्या सगळ्या हमालांना सांगत.

दहा महिन्यांनी मी घरी आलो. तपासणारे डॉक्टर तेच. या वेळी त्यांची नळी कुठंही थांबली नाही. आणखी दोन वर्षं कंपनीनं वाट पाहायला लावली, आणि मग एका सकाळी वामनराव नवा अर्ज घेऊन ओट्यावर येऊन बसले.

शेवटच्या रकान्यात वारसाचं नाव घालायचं होतं. मी आईचं सांगितलं. त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात ते लिहिलं. मी सहज विचारलं, "वामनराव, तुमच्या विम्याला वारस कोण?"

ते टाक पुसत राहिले. "माझा विमा नाही रे. होता. केमला त्या खोलीत आमची मंडळी शेवटचे चार महिने होती. तिच्यासाठीच बांधली होती ती. उशीर झाला होता आम्हाला." जरा थांबून म्हणाले, "ती गेल्यावर हप्ते भरायचं सोडून दिलं. तिचं नाव खोडून दुसरं कुणाचं घालायचं, ते सुचेना."

ते अर्जाची घडी करून उठले, कोट झटकला आणि पायरी उतरले. ज्या खाटेवर मी वाचलो होतो, ती कुणाची होती हे त्यांनी दहा महिन्यांत एकदाही कळू दिलं नव्हतं.

आई दारात आली होती. तिनं सगळं ऐकलं असावं.

"वामनराव," ती म्हणाली, "पान वाढलंय. आणि उद्यापासून दोन्ही वेळा जेवायला इथंच. वेगळं बोलावणं येणार नाही."

ते पायरीवर पाठमोरेच उभे राहिले. "वहिनी, मला तिखट चालत नाही," असं काहीतरी पुटपुटले.

"बेतानं घालीन."

मग ते परत वर आले. आमच्या दाराशी त्यांना जोडे काढायला फार वेळ लागला. मी तेवढ्यात त्यांच्यासाठी पाट मांडला.