कागद किती पावलं चालतो

रस्त्यात कुणी हातात जाहिरातीचा कागद कोंबला, तर तुम्ही तो किती पावलांवर टाकता? खरं सांगा. तुम्ही कधी मोजलं नसेल. गुंडूअण्णा मोजतात.

हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात, हातगाड्या आणि रिक्षांच्या गर्दीत, साठी उलटलेला एक धोतरवाला माणूस अनोळखी लोकांच्या मागं मागं चालत काहीतरी पुटपुटतोय, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तो खिसेकापू वाटला. पुढच्या बाईंनाही तसंच वाटलं. त्यांनी वळून पिशवी उगारली.

"मारा की," गुंडूअण्णा हात जोडून म्हणाले, "पण आधी एवढं सांगा, साड्यांच्या सेलचा कागद तुम्ही अकराव्या पावलावर का टाकलात?"

बाई थबकल्या. "टाकू नको तर काय करू? नऊवारी आहे का नाही, तेच लिवलं नाही त्यात."

"बघा! हेच मी त्या शहाण्या दुकानदाराला सांगायलोय!" गुंडूअण्णा इतके खूष झाले की बाईंची पिशवी स्टँडपर्यंत त्यांनीच उचलली.

हा गृहस्थ तीस वर्षं हुबळी-धारवाडच्या दुकानदारांची हँडबिलं लिहीत होता. मराठीत आणि कन्नडमध्ये. एका भाषेतलं दुसरीत भाषांतर करायचं नाही, दोन्ही वेगळी लिहायची, हा त्यांचा हट्ट. दुसरा हट्ट म्हणजे दुकानात काही दिवस बसल्याशिवाय ओळ लिहायची नाही. छत्र्यांच्या दुकानासाठी ते चार दिवस छत्र्या उघडत-मिटत बसले होते. भेटलेल्या प्रत्येकाला ते नमस्काराऐवजी "ऊट आयता?" म्हणजे जेवण झालं का, असं विचारत. हे आमच्याकडं सगळेच विचारतात. पण गुंडूअण्णा उत्तरासाठी थांबत, आणि मग काय जेवलात, कुणी वाढलं, हेही विचारत.

मला हा माणूस सुरुवातीला अजिबात आवडला नव्हता. आमचे वडील चळवळीतले. घरात पत्रकांचे गठ्ठे इतके, की आम्हा बहिणींचा अभ्यास त्यांच्यावर बसूनच झाला. जाहिरात म्हणजे पैसे घेऊन बोललेलं खोटं, असं माझं बाविसाव्या वर्षी ठाम मत होतं, आणि ते मी न विचारता सांगत असे.

अशात अक्काची खानावळ बुडायला लागली.

अक्का माझी थोरली बहीण. मेहुणे गेल्यावर तिनं धारवाडात सुभाष रोडच्या मागच्या बोळात माडीवर खानावळ काढली होती. नव्यानं निघालेल्या चकचकीत हॉटेलांनी गिऱ्हाईक ओढलं आणि तिच्याकडं दोन माणसं उरली. विजापूरकडचा एक बँकेतला कारकून आणि लॉ कॉलेजचा एक विद्यार्थी. मिरजेहून दिराचं पत्र आलं होतं, "वहिनी, दिवाळीपर्यंत बघा. नाहीतर इकडंच या, घरात माणूस हवंच आहे." माणूस म्हणजे बिनपगारी स्वयंपाकीण, हे पत्र लिहिणाऱ्यालाही ठाऊक होतं आणि वाचणारीलाही.

मी पेटून उठले. एका बैठकीत हँडबिल लिहिलं. "जागे व्हा! किती काळ सोसणार बाजारू अन्नाची गुलामी?" अशी सुरुवात होती. खानावळीचा पत्ता शेवटच्या परिच्छेदात होता. ते वाचून एकच माणूस आला, तोही माझ्याशी वाद घालायला. तासभर वाद घालून, पाणी पिऊन गेला. जेवला नाही.

मग अक्का कोपऱ्यावरच्या डीटीपीवाल्याकडं गेली. त्याच्याकडं मजकूर फुकट, फक्त छपाईचे पैसे. "भव्य! दिव्य! एकदा याल तर पुन्हा पुन्हा याल!" हाच मजकूर त्यानं त्याच महिन्यात हाडं बसवणाऱ्या एका वैद्यालाही दिला होता. फक्त नाव बदललं होतं.

शेवटी मीच, नाक मुठीत धरून, गुंडूअण्णांना घेऊन आले. त्यांनी मेहनताना सांगितला तसा अक्काच्या हातातलं उलथनं खाली आलं.

"चार ओळींचे एवढे?"

"चार ओळींचे नव्हे, अक्का. चाळीस ओळी टाकून द्यायच्या असतात, त्याचे. आठ दिवस जेवणार तुमच्याकडं, त्या जेवणाचे पैसे मी देणार. नोडोण, बघू काय सापडतंय."

"काय सापडायचंय? भात, आमटी, भाकरी."

"ते सगळ्यांकडं आहे. तुमच्याकडं काय नाही ते सांगा आधी."

असं विचारणारा जाहिरातवाला मी पाहिला नव्हता. अक्का गोंधळली. "पुलाव नाही. खुर्च्या पण नाहीत नीट."

"झकास!" गुंडूअण्णांनी लिहून घेतलं.

आठ दिवस ते कोपऱ्यातल्या पाटावर बसले. कारकुनाला आमटीबद्दल विचारलं, विद्यार्थ्याला त्याच्या आईच्या आमटीबद्दल. मधल्या वेळात रस्त्यावरच्या इतर सगळ्या खानावळींची दारं बघून आले. मी टोमणा मारला, "अण्णा, लिहायलाय कधी? का नुसतं जेवायलाय?"

"तू जेवण्याआधीच लिहिलंस. म्हणून तुझ्या कागदात भूक नव्हती, नुसता राग होता." राग यायच्या आत पटलं, हे मला फारच लागलं.

रविवार आला. दुपारी सगळीकडं गोडाचं जेवण, आणि संध्याकाळी खानावळींना कुलूप, ही आमच्याकडची जुनी रीत. अक्का मात्र संध्याकाळी चूल पेटवत होती.

"हे काय? आज सुट्टी नाही?" गुंडूअण्णांनी विचारलं.

अक्का चोरी पकडल्यासारखी लाजली. "मोठ्या खानावळी बंद ठेवतात हो. मला जमत नाही. ही दोघं जाणार कुठं? लोकांना सांगू नका, चांगलं दिसत नाही."

"अक्का, आठवड्याची सुट्टी हा कष्टकऱ्याचा हक्क आहे!" मी ओरडले.

गुंडूअण्णांनी दोघींकडं पाहिलं, आणि हातातली भाकरी तशीच ताटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद दिला. "रविवारी संध्याकाळी सगळीकडं कुलूप असतं. आमच्याकडं गरम भाकरी आणि झुणका असतो. पुलाव मिळत नाही. पाटावर बसावं लागतं. एकट्यानं आलात तरी बोलायला माणूस असतं." खाली पत्ता. मी हक्कासाठी भांडले, तेव्हा त्यांनी माझी एक ओळ घातली. "मंगळवारी बंद. स्वयंपाक करणाऱ्यांनाही विश्रांती लागते."

त्यात एकही उद्गारचिन्ह नव्हतं. एकही खोटं नव्हतं. मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला आणि वडिलांच्या गठ्ठ्यांपैकी किती कागद असे होते, याचा विचार करत बसले. फार नव्हते.

छापून आलेला गठ्ठा उचलून मी बाजाराकडं निघाले तर त्यांनी अडवलं. "बाजारात बेडा, तिथं नको. तिथं बायकापोरं असलेली माणसं येतात, त्यांची चूल घरी आहे. शनिवारी दुपारी बँका सुटताना उभी राहा. लॉजच्या दारात दे. जिथं खोलीला एकच खिडकी आहे, तिथं दे." मी तसंच केलं. एका माणसानं कागद वाचला, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवला. मी मागं मागं चालत गेले. त्यानं तो टाकलाच नाही.

त्या रविवारी संध्याकाळी ताटं कमी पडली. जिन्यावर माणसं थांबली. कंडक्टर, कंपाउंडर, दूरच्या गावाहून बदली होऊन आलेले एक मास्तर. मी वाढत होते, कारकून पाणी देत होता, विद्यार्थी भाकऱ्या मोजायचं सोडून थापायला बसला होता आणि अक्का त्याला ओरडत होती, "अरे, ती भाकरी आहे, नकाशा नव्हे!"

गर्दी ओसरताना दारात गुंडूअण्णा दिसले. चपला काढल्या नव्हत्या. काम आठवड्यापूर्वीच संपलं होतं, मेहनतानाही मिळाला होता.

"आत या की अण्णा," अक्का म्हणाली. "आता कसला अभ्यास?"

"अभ्यास नव्हे." ते दाराची चौकट धरून उभे होते. "नवनगरात घर आहे आमचं. तीन खोल्या. ही गेल्यापासून रविवारी संध्याकाळी मी केळी खातो. नऊ वर्षं झाली. बोलायला... म्हणजे, रेडिओ आहे."

इतकी वर्षं अख्ख्या गावाला जेवलात का, असं विचारणाऱ्या माणसाला तेच कुणी विचारलं नसावं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तो कागद कुणासाठी लिहायचा, हे त्यांना शोधावं लागलं नव्हतं.

अक्कानं मास्तरांच्या शेजारी पाट सरकवला, ताट वाढलं. गुंडूअण्णा बसले. थोड्या वेळानं मास्तरांना म्हणाले, "गाव कुठलं तुमचं?" आणि दोघं जे बोलायला लागले ते हात वाळेपर्यंत उठलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी अक्कानं मिरजेला पत्र टाकलं. दोनच ओळी. येत नाही. तुम्हीच या, जेवायला.

म्हणून माझी एक विनंती आहे. तुमचं दुकान असो, दवाखाना असो, शिकवणी असो, छापखान्यात जाण्याआधी तुमच्या गावातला असा एक मुरलेला लिहिणारा शोधा. त्याला आठ दिवस तुमच्याकडं बसू द्या, नको ते प्रश्न विचारू द्या, त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. आणि कागद हातात पडल्यावर त्याला तसंच पाठवू नका. रविवारी संध्याकाळी तो कुठं जेवतो, तेवढं विचारा.